फिलिप लबों

फिलिप लबों (जन्म : २९ मे १७६७, ब्राशे, फ्रान्स, मृत्यू : डिसेंबर १८०४, पॅरिस) हे फ्रेंच अभियंते आणि संशोधक होते. लाकूड बंद पात्रात तापवून त्यातून निघणारा ज्वलनशील वायू दिव्यासाठी आणि घर उबदार ठेवण्यासाठी वापरण्याची पद्धत त्यांनी शोधली. या उपकरणाला त्यांनी थर्मोलँप असे नाव दिले व १७९९ मध्ये त्याचे एकस्व (पेटंट) मिळवले. फ्रान्समध्ये त्यांना गॅसच्या प्रकाशाचे जनक मानले जाते. लाकडापासून वायू तयार करताना डांबर कसे निर्माण होते आणि ते वायूतून वेगळे कसे करावे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याच्या केंद्रस्थानी राहिला. ज्या डांबराच्या उग्र वासामुळे त्यांचा दिवा लोकांच्या घरात पोहोचू शकला नाही, तेच डांबर मिळवण्यासाठी सरकारने त्यांना जंगल दिले. जैवभारापासून वायू मिळवण्याच्या आजच्या तंत्रातही हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

जन्म आणि शिक्षण

लबों यांचा जन्म फ्रान्सच्या ईशान्य भागातील ब्राशे या लहानशा खेड्यात झाला. ज्वँव्हिल गावाजवळचे हे खेडे आज ओत-मार्न या विभागात मोडते. हा भाग जंगलांचा, लोखंडाच्या भट्ट्यांचा आणि कोळसा पाडणाऱ्यांचा होता. गणित आणि रसायनशास्त्र या विषयांकडे लबों यांचा ओढा लहानपणापासून होता. १७८७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी रस्ते आणि पूल बांधणीचे शिक्षण देणाऱ्या एकोल दे पाँ ए शोसे या पॅरिसमधील नामांकित संस्थेत प्रवेश घेतला. तेथे ते हुशार विद्यार्थी म्हणून नावाजले गेले. पुढे त्याच संस्थेत त्यांनी यंत्रशास्त्राचे अध्यापनही केले.

त्यांचे सुरुवातीचे संशोधन वाफेच्या इंजिनाविषयी होते. त्या काळी इंग्लंडमध्ये जेम्स वॉट यांच्या इंजिनाने उद्योगांचे रूप पालटत होते आणि फ्रान्सला त्या बाबतीत मागे पडल्याची जाणीव होऊ लागली होती. लबों यांनी इंजिनात सुचवलेल्या सुधारणांबद्दल १७९२ मध्ये त्यांना २,००० लिव्हर इतके राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. याच सुमारास त्यांचा विवाह कॉर्नेली द ब्रांबिय यांच्याशी झाला. पतीच्या हयातीत आणि त्यांच्या पश्चातही या संशोधनासाठी सर्वाधिक झटणारी व्यक्ती म्हणून कॉर्नेली यांचा उल्लेख करावा लागतो.

पार्श्वभूमी

लाकूड हवेत जाळले, तर राख आणि धूर उरतो. पण हवा न लागू देता ते तापवले, तर त्याचे तीन प्रकारच्या पदार्थांत विघटन होते. भट्टीत लोणारी कोळसा उरतो; पाणी, ॲसिटिक अम्ल, मिथेनॉल आणि डांबर यांची वाफ बाहेर पडून थंड झाल्यावर द्रवरूप होते; आणि कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, हायड्रोजन इत्यादींचे मिश्रण वायुरूपातच राहते. या क्रियेला भंजक ऊर्ध्वपातन म्हणतात.

या तीन पदार्थांपैकी पहिले दोन मानवाला प्राचीन काळापासून ठाऊक होते. कोळसा पाडणारे लोक लाकडाच्या राशीवर माती लिंपून तिला आतून मंद आच देत. देवदार आणि पाइन यांच्या राळयुक्त बुंध्यांपासून डांबर गाळण्याचा धंदा उत्तर युरोपात मोठ्या प्रमाणावर चाले. जहाजाच्या फळ्यांतील फटी बुजवण्यासाठी, दोरखंड कुजू नयेत म्हणून आणि लाकडाचे पाण्यापासून रक्षण करण्यासाठी डांबर अत्यावश्यक होते. स्वीडन आणि फिनलंडच्या जंगलांतून येणाऱ्या डांबरावर युरोपातील बहुतेक नौदले अवलंबून होती.

तिसरा पदार्थ, म्हणजे वायू, मात्र हवेत उडून जात असे. तो जळतो हे काही शास्त्रज्ञांनी पाहिले होते. १७८५ मध्ये लूव्हाँ येथील प्राध्यापक यान पीटर मिंकेलर्स यांनी दगडी कोळशाच्या वायूने आपल्या व्याख्यानाची खोली उजळून दाखवली होती. तथापि, लाकडातून निघणारे सर्वच पदार्थ एकाच उपकरणात वेगळे करून प्रत्येकाचा उपयोग करावा, हा विचार पद्धतशीरपणे मांडण्याचे श्रेय लबों यांच्याकडे जाते.

ब्राशे येथील प्रयोग

लबों यांनी वायूवरील प्रयोगांना ब्राशे येथील आपल्या घरी सुरुवात केली. काचेच्या एका कुपीत लाकडाचा भुसा भरून त्यांनी ती विस्तवावर धरली. तोंडाशी आलेल्या धुराला ज्योत लागताच तो पेटला, परंतु ज्योत काजळी धरणारी होती आणि तिचा वास असह्य होता. इतरांनी हे दृश्य पाहून सोडून दिले असते. लबों यांना मात्र त्यात दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या. धुरात जळणारा वायू आहे ही एक, आणि त्या वायूला काळवंडणारे द्रव्य त्यापासून अलग करता येईल ही दुसरी.

यानंतर त्यांनी विटांची एक भट्टी बांधली. तिच्यातील बंद पात्रात लाकूड भरून बाहेरून आच दिली जाई. पात्रातून निघणारी नळी पाण्याने भरलेल्या एका टाकीत सोडलेली असे. गरम धूर पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने वर येताना थंड होई. त्यातील डांबर आणि अम्ल पाण्यात उतरत आणि दुसऱ्या नळीतून बराच स्वच्छ झालेला वायू बाहेर पडे. या वायूची ज्योत पहिलीपेक्षा उजळ आणि शांत होती. वायू तयार करणे व तो शुद्ध करणे ही एकाच क्रियेची दोन अंगे आहेत, हे या साध्या रचनेतून त्यांनी दाखवून दिले. पुढील काळातील प्रत्येक गॅस कारखान्यात हीच मूळ कल्पना विस्तारलेल्या रूपात आढळते.

नोकरी आणि ओढाताण

लबों हे सरकारी अभियंते होते आणि त्यांची नेमणूक आंगुलेम येथे झाली होती. रस्ते आणि पूल यांची कामे पाहणे हे त्यांचे नेमून दिलेले कर्तव्य होते. त्यांचे मन मात्र प्रयोगांत गुंतलेले असे. कामावरील त्यांच्या गैरहजेरीबद्दल वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या आणि त्यांना मंत्र्यांपुढे आपली बाजू मांडावी लागली. चौकशीअंती त्यांच्यावरील ठपका दूर झाला.

हा काळ फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या अस्थिरतेचा होता. युद्धांमुळे तिजोरी रिकामी झाली होती, कागदी चलनाची किंमत कोसळली होती आणि सरकारी नोकरांचे पगार थकत होते. लबों यांचे वेतनही अडकून पडले. प्रयोगांचा खर्च चालूच असल्याने घरात चणचण भासू लागली. तेव्हा कॉर्नेली यांनी स्वतः पॅरिसला जाऊन पतीच्या थकलेल्या वेतनासाठी मंत्र्यांकडे दाद मागितली. त्यांच्या अर्जातून त्या काळातील अभियंत्याच्या कुटुंबाची झालेली ओढाताण स्पष्ट दिसते.

थर्मोलँपचे एकस्व

१७९९ मध्ये लबों यांनी आपल्या संशोधनाची माहिती फ्रान्सच्या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेपुढे ठेवली आणि २८ सप्टेंबर १७९९ रोजी त्यांना एकस्व मिळाले. इंधनाचा उपयोग उष्णता आणि प्रकाश या दोन्हींसाठी अधिक लाभदायक रीतीने करणे व त्यापासून निघणारे निरनिराळे पदार्थ गोळा करणे, असे त्या एकस्वाचे स्वरूप होते. म्हणजेच वायूइतकेच महत्त्व त्यांनी डांबर, अम्ल आणि कोळसा यांनाही दिले होते.

थर्मोलँप या नावातच उष्णता आणि दिवा हे दोन्ही अर्थ आहेत. घराच्या एका बाजूस भट्टी असावी, तिच्या उष्णतेने घर उबदार राहावे, तिच्यातील बंद पात्रात तयार झालेला वायू धुऊन नळ्यांनी खोल्याखोल्यांत न्यावा आणि जेथे हवी तेथे ज्योत लावावी, अशी ही कल्पना होती. मेणबत्ती किंवा तेलाचा दिवा प्रत्येक खोलीत स्वतंत्रपणे सांभाळावा लागे. वायू मात्र एका ठिकाणी तयार होऊन अनेक ठिकाणी पोहोचू शकत होता. केंद्रीय पुरवठ्याचा हा विचार त्या काळात अगदी नवा होता.

पॅरिसमधील प्रदर्शन

आपल्या शोधाची उपयुक्तता पटवून देण्यासाठी लबों यांनी पॅरिसमध्ये सँ-दोमिनिक रस्त्यावरील सेन्यले प्रासाद भाड्याने घेतला. तेथे भट्टी बांधून त्यांनी प्रासादातील दालने आणि बाग वायूच्या ज्योतींनी उजळली. १८०१ च्या शरद ऋतूत हे प्रदर्शन लोकांसाठी खुले करण्यात आले. ३ फ्रँक प्रवेशशुल्क देऊन पॅरिसमधील नागरिक ते पाहण्यास येऊ लागले. झाडांमध्ये आणि कारंज्यापाशी फुलांच्या आकाराच्या ज्योती लावलेल्या होत्या. वात नाही, तेल नाही आणि तरीही ज्योत तेवते आहे, हे दृश्य लोकांना चकित करणारे होते.

सरकारने नेमलेल्या समितीने अनुकूल अभिप्राय दिला. परदेशी पाहुण्यांनीही हे प्रदर्शन पाहिले. रशियातील सरदारांनी लबों यांना आपल्या देशात येऊन काम करण्याचे आमंत्रण दिले होते, परंतु आपला शोध फ्रान्सच्याच उपयोगी पडावा या भावनेने त्यांनी ते नाकारले, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात.

मात्र कौतुक करणाऱ्या प्रेक्षकांपैकी कोणी आपल्या घरी थर्मोलँप बसवून घेण्यास पुढे आले नाही. याचे मुख्य कारण वायूचा वास हे होते. पाण्याच्या टाकीत जड डांबर उतरत असले, तरी वायू थंड होताना डांबराचे अतिसूक्ष्म थेंब धुक्याप्रमाणे तरंगत राहतात आणि बुडबुड्याच्या आत असल्यामुळे पाण्याला न शिवताच पुढे निघून जातात. शिवाय हलक्या सेंद्रिय पदार्थांची वाफ साध्या पाण्याने पूर्णपणे धुतली जात नाही. त्यामुळे बागेत सुंदर दिसणारी ज्योत बंद खोलीत उग्र वाटे. मंद आचेवर मिळालेल्या लाकडाच्या वायूचा प्रकाशही फिका असतो, कारण त्यात न जळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मोठे असते आणि ज्योतीला तेज देणारे हायड्रोकार्बन कमी असतात. लबों यांच्या पद्धतीतील ही उणीव त्यांच्या हयातीत दूर झाली नाही.

वायूवर चालणाऱ्या इंजिनाची कल्पना

१८०१ मध्ये लबों यांनी आपल्या एकस्वाला एक पुरवणी जोडली. तीत वायूवर चालणाऱ्या इंजिनाचे वर्णन आहे. ज्वलनशील वायू आणि हवा पंपांनी दाबून एकत्र आणावी, विद्युत ठिणगीने ते मिश्रण पेटवावे आणि त्याच्या प्रसरणाने दट्ट्या ढकलला जावा, अशी त्यांची योजना होती. असे इंजिन त्यांच्याकडून प्रत्यक्षात आले नाही. सुमारे ६० वर्षांनंतर, १८६० मध्ये, एत्येन लन्वार यांनी विद्युत ठिणगीने पेटणारे वायुइंजिन व्यवहारात आणले. वायू इंजिनात घालण्यापूर्वी दाबून घेतल्यास अधिक शक्ती मिळते, हे तत्त्व तर त्याही इंजिनात नव्हते. या दृष्टीने लबों यांची पुरवणी अंतर्ज्वलन इंजिनाच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानली जाते.

रूव्रेचे जंगल

घरगुती दिव्याच्या बाबतीत निराशा पदरी आली, तरी सरकारचे लक्ष थर्मोलँपच्या दुसऱ्या उत्पादनाकडे, म्हणजे डांबराकडे, वळले. १८०३ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात पुन्हा युद्ध सुरू झाले. इंग्लंडवर स्वारी करण्याच्या तयारीत नेपोलियनने बूलोन्य परिसरात शेकडो नौका जमवण्यास सुरुवात केली होती. नौका बांधायच्या तर डांबर हवे, आणि उत्तरेकडून समुद्रमार्गे येणारा माल इंग्रजांच्या आरमारामुळे बेभरवशाचा झाला होता. लाकडाच्या भट्टीतून डांबर मिळवणारा अभियंता अशा वेळी उपयोगी वाटला, यात नवल नाही.

लबों यांना रुआं शहराजवळ, सीन नदीकाठच्या रूव्रे जंगलाचा एक भाग देण्यात आला. तेथील पाइनच्या लाकडापासून नौदलासाठी ठरावीक प्रमाणात डांबर तयार करून देण्याची अट होती. हे डांबर पुढे ल हाव्र बंदराकडे जाणार होते. लबों सहकुटुंब जंगलात राहावयास गेले. तात्पुरत्या छपराखाली त्यांनी भट्ट्या उभारल्या आणि कामगारांबरोबर स्वतः काम केले.

या ठिकाणी त्यांच्या आयुष्यातील विसंगती स्पष्ट होते. डांबर काढून टाकून शुद्ध वायू मिळवणे हे त्यांचे ध्येय होते. आता वायू दुय्यम ठरला आणि डांबर हेच उत्पादन झाले. तरीही त्यांनी हे काम कमी प्रतीचे मानले नाही. आपल्या प्रयोगांसाठी पैसा उभा करण्याचा तो एक मार्ग होता. परंतु संकटे एकामागून एक येत गेली. भागीदारांनी फसवल्यामुळे पैसा गेला, वादळाने घराचे छप्पर उडाले आणि आगीत कारखान्याचा काही भाग जळाला, अशी हकिकत त्यांच्या जुन्या चरित्रांत आढळते. दरवेळी त्यांनी पुन्हा उभारणी केली.

मृत्यू

१८०४ च्या अखेरीस नेपोलियनच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने लबों पॅरिसला आले. हा सोहळा २ डिसेंबर १८०४ रोजी झाला. त्याच सुमारास लबों यांचा मृत्यू झाला. त्या वेळी ते अवघे ३७ वर्षांचे होते.

त्यांच्या मृत्यूविषयी दोन परस्परविरोधी हकिकती प्रचलित आहेत. एकोणिसाव्या शतकातील लोकप्रिय पुस्तकांनुसार, राज्याभिषेकाच्या रात्री शाँझेलिझेच्या अंधाऱ्या भागात अज्ञात मारेकऱ्यांनी त्यांना भोसकले. शहराला प्रकाश देऊ पाहणारा माणूस त्याच शहराच्या अंधारात मारला गेला, ही कथा मनाची पकड घेणारी असल्याने ती वारंवार सांगितली गेली. अलीकडील अभ्यासक मात्र ती दंतकथा मानतात आणि त्यांचे निधन आजारपणामुळे घरीच झाले, असे मत मांडतात. जंगलातील कष्टांनी त्यांची प्रकृती खालावली असावी, हे दुसऱ्या मताशी सुसंगत आहे.

कॉर्नेली लबों यांचे कार्य

पतीच्या निधनानंतर कॉर्नेली यांच्यावर कर्जाचा आणि मुलाबाळांचा भार पडला. रूव्रेचा व्यवसाय पुढे चालवणे शक्य झाले नाही. तरीही थर्मोलँप विस्मृतीत जाऊ नये, यासाठी त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत. १८११ मध्ये त्यांनी पॅरिसच्या पूर्व भागात, फोबूर सँतांत्वान परिसरात, एका घरात पुन्हा वायूचे दिवे लावून प्रदर्शन भरवले. त्याची दखल घेतली गेली आणि सरकारने त्यांना वार्षिक १,२०० फ्रँक निवृत्तिवेतन मंजूर केले. ते त्यांना फार काळ उपभोगता आले नाही. १८१३ मध्ये त्यांचे निधन झाले. पॅरिसमध्ये गॅसच्या दिव्यांचा धंदा सुरू होण्यास तेव्हा केवळ काही वर्षे उरली होती.

समकालीन संशोधक

लबों यांच्याच काळात इंग्लंडमध्ये विल्यम मर्डॉक हे दगडी कोळशाच्या वायूवर काम करत होते. कॉर्नवॉलमधील रेडरुथ येथील आपले घर त्यांनी १७९२ मध्ये वायूने उजळल्याचे मानले जाते. दोघांचे संशोधन परस्परांपासून स्वतंत्र होते. १८०१ मध्ये जेम्स वॉट यांचे पुत्र ग्रेगरी वॉट यांनी पॅरिसहून लबों यांच्या प्रयोगांची बातमी कळवली. त्यानंतर मर्डॉक यांच्या कामाला वेग आला. १८०२ मध्ये बर्मिंगहॅमजवळील सोहो कारखान्यावर वायूचे दिवे लागले.

जर्मन उद्योजक फ्रेडरिक ॲल्बर्ट विन्झर यांनी लबों यांच्या थर्मोलँपपासून स्फूर्ती घेतली आणि ते लंडनला गेले. १८०७ मध्ये त्यांनी पॅल मॅल रस्त्यावर वायूचे दिवे लावले. त्यांच्या खटपटीतून १८१२ मध्ये लंडनमध्ये जगातील पहिली मोठी गॅस कंपनी स्थापन झाली. पुढे विन्झर पॅरिसला आले आणि १८१७ मध्ये त्यांनी पासाज दे पानोरामा ही बाजारपेठ वायूने उजळली. अशा रीतीने फ्रान्समध्ये जन्मलेली कल्पना इंग्लंडमार्गे फ्रान्सला परत आली. इंग्लंडमध्ये दगडी कोळसा स्वस्त होता आणि त्याचा वायू लाकडाच्या वायूपेक्षा अधिक उजळ जळत असे. सॅम्युअल क्लेग यांनी चुन्याने वायू शुद्ध करण्याची पद्धत रूढ केल्यावर त्याच्या दुर्गंधीचा प्रश्नही बऱ्याच अंशी सुटला.

डांबराच्या प्रश्नाचा पुढील इतिहास

लबों यांनी डांबर तयार झाल्यानंतर ते धुऊन काढण्याचा मार्ग अवलंबला होता. पुढील संशोधनातून दुसरा मार्ग समोर आला. तो म्हणजे डांबराची वाफ गरम असतानाच तिचे विघटन करणे. १८५० च्या सुमारास म्युनिक येथील रसायनशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांना असे आढळले, की लाकडातून निघालेली वाफ थेट थंड न करता आणखी तापलेल्या पृष्ठभागावरून नेली, तर डांबराचे मोठे रेणू तुटतात आणि चांगला प्रकाश देणारा वायू मिळतो. लबों यांच्या वायूचा प्रकाश फिका का होता, याचे उत्तर यातून मिळाले. त्यांची भट्टी वायूसाठी पुरेशी गरम नव्हती. यानंतर म्युनिक, बासेल यांसारख्या शहरांत काही काळ लाकडाच्या वायूचे दिवे होते.

विसाव्या शतकात लाकडाचा वायू पुन्हा उपयोगात आला, तो वाहनांसाठी. लबों यांच्या पद्धतीत लाकूड हवेविना तापवले जात असे. नव्या गॅसिफायर यंत्रात मात्र थोडी हवा सोडून लाकडाचा काही भाग जाळला जातो आणि त्या उष्णतेवर उरलेल्याचे वायूत रूपांतर होते. डांबर इंजिनात शिरले, तर झडपा चिकटतात आणि दट्ट्या अडकतो. म्हणून ते जवळजवळ पूर्णपणे काढणे आवश्यक ठरते. अल्सास-लोरेन प्रदेशातील रसायनतज्ज्ञ जॉर्ज इंबेर (१८८४–१९५०) यांनी १९२० च्या दशकात असे यंत्र तयार केले, ज्यात हवा मध्यभागी सोडली जाते आणि वायू खालच्या बाजूने बाहेर पडतो. लाकडातून सुटलेल्या सर्व वाफेला एका अरुंद गळ्यातून, धगधगत्या कोळशाच्या थरातून जावे लागते. तेथील सुमारे १,००० अंश सेल्सिअस तापमानात बहुतेक डांबर विघटित होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे युरोपात लाखो वाहने अशा यंत्रांवर चालली.

वायू वरच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या यंत्रात ही वाफ गरम थरातून न जाता थेट निघून जाते. त्यामुळे तशा यंत्रातील एका घनमीटर वायूत सुमारे ५० ग्रॅम डांबर असू शकते, तर इंबेर पद्धतीच्या यंत्रात ते साधारण १ ग्रॅमच्या आसपास असते. इंजिनासाठी हे प्रमाण ०.१ ग्रॅमपेक्षाही कमी लागते. म्हणून वायू थंड करणे, पाण्याने धुणे, वाळू किंवा कापडाच्या गाळण्यांतून नेणे आणि उत्प्रेरकांच्या साहाय्याने डांबराचे विघटन करणे, असे अनेक उपाय एकत्र वापरले जातात. पाण्याने धुतल्यास ते पाणी फिनॉलसारख्या विषारी पदार्थांनी दूषित होते आणि त्याची विल्हेवाट हा नवा प्रश्न उभा राहतो. म्हणून डांबर यंत्राच्या आतच नष्ट करण्यावर संशोधकांचा भर आहे.

भारतात बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेने १९८० च्या दशकापासून कमी डांबर देणारी वरून उघडी असलेली गॅसिफायर यंत्रे विकसित केली. महाराष्ट्रात फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत उसाचे पाचट आणि बगॅस यांसारख्या सुट्या जैवभाराच्या वायुकरणावर काम झाले आहे. शेतातील टाकाऊ काडीकचऱ्याला असा उपयोग मिळाल्यास तो शेतातच जाळण्याची गरज कमी होते.

मूल्यमापन

हयातीत लबों यांना आर्थिक यश मिळाले नाही. त्यांच्या अपयशाची कारणे त्यांच्या विचारात नव्हती, तर परिस्थितीत होती. उच्च तापमान मोजण्याची विश्वासार्ह साधने नव्हती, डांबराचे रसायनशास्त्र विकसित झालेले नव्हते, बीडाच्या नळ्या महाग होत्या आणि देश युद्धात गुंतला होता. लाकूड हे त्यांनी निवडलेले इंधन दगडी कोळशाच्या तुलनेत प्रकाशासाठी कमी योग्य होते, हेही मान्य करावे लागते.

दुसऱ्या बाजूने पाहता, इंधनातील कोणताही घटक वाया जाऊ नये, हा त्यांचा आग्रह काळाच्या पुढे होता. कोळसा, वायू, अम्ल आणि डांबर या चारही उत्पादनांचा एकत्रित विचार त्यांनी केला होता. पुढे दगडी कोळशाच्या डांबरापासून रंग, औषधे आणि जंतुनाशके तयार करणारा मोठा रासायनिक उद्योग उभा राहिला, तेव्हा टाकाऊ समजल्या गेलेल्या पदार्थात संपत्ती असते, हे जगाला पटले.

स्मृती

ओत-मार्न विभागाचे मुख्य ठिकाण असलेल्या शोमाँ शहरात १८८७ मध्ये लबों यांचा पुतळा उभारण्यात आला. शिल्पकार आंतिद पेशिने यांनी तो घडवला. फ्रान्समधील अनेक शहरांत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. गॅसचे दिवे विजेच्या आगमनानंतर हळूहळू मालवले गेले. परंतु लाकूड आणि शेतातील अवशेष यांपासून वायू मिळवण्याचे प्रयत्न सुरूच आहेत. ब्राशे येथे त्यांनी वायू पाण्यातून नेऊन डांबर वेगळे केले, त्या प्रयोगापासून या तंत्राच्या इतिहासाची सुरुवात मानली जाते.